उजवी कूस

रहिमाच्या कार्डाला उत्तर पाठवायचे राहून गेले, असे भिकाजीपंत स्वतःशी म्हणत, तेव्हा त्या 'राहून गेले'पाशी त्यांचे मन दर वेळी अडखळे. राहून जाते ते दुधाला विरजण लावायचे, नाहीतर वाळत घातलेले धोतर आत आणायचे. जे पाच वर्षे रोज आठवते आणि तरी हातून होत नाही, त्याला राहून जाणे म्हणत नाहीत. भिकाजीपंतांचा जन्म वाचनालयातली पुस्तके लावण्यात आणि चिकटवण्यात गेला होता. कुठल्या गोष्टीला कुठला शब्द, याची त्यांना पारख होती. या गोष्टीचाही शब्द त्यांना ठाऊक होता. तो ते उच्चारत नसत, एवढेच.

त्या दुपारीही ते वाचनालयाच्या पडवीत खळीची वाटी पुढ्यात घेऊन एका फाटक्या कोशाची पाठ चिकटवत बसले होते. तेवढ्यात दोन हमाल नवे सागवानी कपाट घेऊन पाखाडीच्या पायऱ्या चढून आले. कपाट भिंतीला लागले. एक हमाल पाणी प्यायला विहिरीकडे गेला. दुसरा, काळा, वाळका, पिकल्या मिशांचा, मुंडाशाने घाम पुसत भिकाजीपंतांकडे टक लावून बघत राहिला.

"बसा ना आपण, दमला असाल," भिकाजीपंत मान वर न करता म्हणाले.

तो माणूस हसला. "आता वळख पटली. हमालाला 'आपन' बोलनारा भट रत्नांग्रीत दुसरा नाय. तुमी वखारीतले."

भिकाजीपंतांच्या हातातला कुंचला खळीत बुडाला तो तिथेच राहिला.

"मी बाबल्या. बिनपरवान्याची माडी इकनारा. खांबापाशी निजायचो. इसरलात?"

विसरले नव्हते. विसरण्यासाठी त्यांनी जे जे केले, त्या सगळ्याने ती वखार उलट जास्तच पक्की बसली होती.

मिठाच्या सत्याग्रहात भिकाजीपंत शिरले ते शौर्याने नव्हे, भिडेने. स्वयंसेवकांची तुकडी निघायची होती आणि वाटेत वाचायला म्हणून त्यांना थोडी पुस्तके द्यावीत, एवढ्यासाठी ते गेले होते. तिथे बाबूराव वकिलांनी सर्वांदेखत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटले, पंत, तुम्हीही येताय ना? नाही म्हणायला जे धाडस लागते ते भिकाजीपंतांजवळ नव्हते; म्हणून ते कायदा मोडायला गेले. पन्नाशी उलटलेला, चष्मेवाला, उन्हाने डोके दुखणारा हा माणूस ओल्या मिठाची मूठ हातात धरून उभा राहिला आणि शिपायाने मनगट धरले तेव्हा सवयीने 'माफ करा' म्हणून गेला.

त्या वर्षी देशभरचे तुरुंग भरले होते. माणसे धरणे सोपे आणि ठेवणे अवघड, अशी सरकारची गत झाली होती. म्हणून खाडीकाठची काथ्याची एक जुनी वखार ताब्यात घेऊन तिच्या दारांना गज लावले आणि तिला तुरुंग म्हटले. किरकोळ शिक्षेचे कैदी तिथे आधीच आणून ठेवलेले होते. त्यांत हे सत्याग्रही येऊन पडले. पावसाळा लागला, कौले गळू लागली, आणि अर्धी जमीन कायमची ओली झाली. उरलेल्या अर्ध्यात सगळ्यांनी निजायचे.

उताणे निजायला जागाच नव्हती. फडताळात पुस्तके उभी लावतात तशी माणसे कुशीवर एकाला एक लागून निजत. एकाने कूस पालटली की शेजाऱ्याच्या छातीत कोपर बसे, तो शिवी देई, आणि एका कुशीची भांडणे साऱ्या रांगेत पसरत. अंगाला खरूज उठली. पेजेसाठी नव्हे, पाय पसरायला मिळावे म्हणून माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जात. चांगल्या घरची, शिकलेली माणसे चार बोटे जमिनीसाठी कशी बोलतात, ते भिकाजीपंतांनी तिथे ऐकले.

ही भांडणे थांबवली ती गुलाम रसूलने. तो नाटे गावचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, रुंद छातीचा, आवाज असा की खाडीच्या पलीकडे जावा. होडीत वल्ही एका हाकेवर पडली नाहीत तर होडी फिरते, मग माणसे का फिरणार नाहीत, असे म्हणून त्याने रांगेला शिस्त लावली. मध्येच कुणी हलायचे नाही. अंग अवघडले की त्याला सांगायचे. पुरेशी माणसे कण्हू लागली की तो हाक घाली: "हां... कूस!" आणि सगळी रांग एकदम डावीवरून उजवीवर, उजवीवरून डावीवर वळे. पहिल्या दिवशी लोक हसले. आठवड्याने झोपेतही वळू लागले.

भिकाजीपंतांना त्याने आपल्या आणि भिंतीच्या मध्ये घेतले. हा भट परक्याचा स्पर्श झाला की अंग चोरतो आणि अंग चोरून चोरून एक दिवस नाहीसाच होईल, असे तो म्हणे. पहिले काही दिवस भिकाजीपंत प्रत्येक हाकेला वळता वळता माफी मागत. शेवटी गुलाम रसूल वैतागून म्हणाला, "भटजी, माफी नको, नुसती कूस पलटा. माफीला लई जागा लागते."

त्याच्या पाठीला मासळीचा वास येई. घरी सोवळेओवळे पाळणाऱ्या भिकाजीपंतांना जन्मात इतकी गाढ झोप कधी लागली नव्हती.

गुलाम रसूल मिठासाठीच आत आला होता. मासळी खारवायला म्हणून त्याने मिठागरातून बिनजकातीचे मीठ उचलले होते. त्याच्या कागदावर चोरी असे लिहिले होते आणि तो कुणाचा सत्याग्रही नव्हता.

"एक इचारू भटजी?" तो एकदा म्हणाला. "तुमी मूठभर उचललंत, लोकांनी हार घातले. मी दोन पाट्या उचलल्या, मला चोर बोलले. मूठ केवढी झाली म्हंजे मीठ चोरीचं होतं?"

उत्तर सुचले नाही की भिकाजीपंत वाचलेले सांगत. विलायतेत एकदा तुरुंग असेच भरले, तेव्हा तिथल्या सरकारने मोडकी गलबते नदीत नांगरून त्यांत कैदी कोंबले आणि तीही भरली तेव्हा माणसे समुद्रापार पाठवली, असे त्यांनी त्याला सांगितले. गुलाम रसूलने ते मन लावून ऐकले. मग म्हणाला, "मोडक्या गलबतात? मंग आपली वखार बरी. गळते, पन बुडत नाय."

पावसाळ्यासाठी दर्या बंद व्हायच्या आधी, शेवटच्या होड्यांबरोबर त्याची बायको रहिमा भेटीला येऊन गेली होती. भेट आटोपून आत आल्यावर तो म्हणाला, तुमचं नाव सांगितलं तिला. बाजूला भला माणूस निजतो बोललो.

आषाढात ताप सुरू झाला. रांगेत एकाला ताप आला की रांगभर त्याची ऊब लागे. तेव्हा सत्याग्रह्यांनी जेलरकडे अर्ज करायचे ठरवले आणि अक्षर चांगले, भाषा शुद्ध म्हणून लेखणी भिकाजीपंतांच्या हाती दिली. त्यांनी लिहिले की जागा अपुरी आहे, माणसे आजारी पडत आहेत, तरी सर्व कैद्यांची सोय व्हावी.

बाबूराव वकिलांनी ते वाचून मान हलवली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याच तुकडीतली दोन पोरे तापाने फणफणत होती. पण कोर्टात काय चालते आणि काय नाही, एवढे त्यांना कळे. "पंत, जागा मागू नका," ते म्हणाले. "जागा कुणालाच नाही, सरकारलाही नाही. दर्जा मागा. राजकीय कैद्यांना चोर, दारूवाले यांच्या संगतीत ठेवू नये, एवढंच लिहा. हे त्यांना नाकारता येणार नाही."

भिकाजीपंतांची लेखणी थांबली. खांबापलीकडे गुलाम रसूल कुणाला तरी जाळ्याची गाठ शिकवत होता. हा चोर नव्हे, हा आमच्याच मिठाचा, असे म्हणावे असे त्यांच्या मनात आले. पण बाबूराव वाट पाहत होते, बाकीचे भोवती उभे होते, आणि वाद घालणे हा भिकाजीपंतांचा पिंड नव्हता. त्यांनी लिहायला घेतले. इतकेच असते तरी एक वेळ चालले असते. पण 'संगत' हा शब्द त्यांच्या कानाला सैल वाटला. अर्जात तो शोभत नाही, असे त्यांनी सुचवले. त्याऐवजी 'संसर्ग' घालू. बाबूरावांनी वाहवा म्हटले. भिकाजीपंतांना त्या क्षणी, त्या दाटीत, त्या घाणीत, चक्क बरे वाटले.

जेलर सरळ मनुष्य होता. तापाचे दिवस, त्यात अर्जात 'संसर्ग'. त्याने तो शब्द रोगाचा धरला. दुसऱ्याच सकाळी साध्या कैद्यांना उठवून वखारीच्या कोपऱ्यातल्या काटेखोलीत घातले. पूर्वी तिथे काथ्याचे वजन करायचा काटा असे; खोली ती एवढीशी. आणि संसर्ग टाळायचा म्हणून दाराला बाहेरून कडी, अंगणात येणेही बंद.

गुलाम रसूल आपले कांबळे उचलून जाता जाता भिकाजीपंतांपाशी थांबला. "आता तुमाला कूस कोन बोलनार?" असे विचारून त्याने मोकळ्या झालेल्या जमिनीकडे पाहिले आणि स्वतःच उत्तर दिले. "गरजच नाय. आता ऐसपैस."

त्या रात्री सत्याग्रही उताणे झोपले. कुणी अभंग म्हटला. ऐसपैस जागेत भिकाजीपंतांचा डोळा लागेना.

काही दिवस गेले. एकदा अंधार पडता पडता काटेखोलीतून हाक आली: "कूस!" भिंतीमुळे आवाज दबलेला होता, पण शब्द तोच. पडल्या पडल्या भिकाजीपंत सवयीने वळले. म्हणजे तांडेल धड आहे, रांग लावतो आहे, असे म्हणून त्यांनी समाधान मानले. सकाळी झाडूवाल्याने सांगितले की नाट्याचा तांडेल तापाने गेला. चार माणसे आणून त्याला इथल्याच कबरस्तानात नेलासुद्धा. खवळलेल्या दर्यावरून नाट्याला निरोप जायला पुढे कित्येक दिवस लागले.

वर्ष पालटले, सरकारशी समेट झाला, सत्याग्रही सुटले. भिकाजीपंतांच्या गळ्यात लोकांनी झेंडूचा हार घातला. तो त्यांनी कोपऱ्यावर वळताच काढला.

आणि मग ते कार्ड आले. पत्ता एवढाच: रत्नागिरीच्या वाचनालयातले भट. मजकूर नाट्याच्या शाळामास्तरांच्या अक्षरात होता. 'तुम्ही त्यांच्या बाजूला निजत होता. त्यांनी मला तसे सांगितले होते, म्हणून तुम्हालाच विचारते. जाण्याच्या वेळी त्यांना उजव्या कुशीवर निजवले होते का? तोंड पश्चिमेला होते का? एवढे कळवा. दुसरे काही नको. रहिमा गुलाम रसूल.'

याला उत्तर काय द्यायचे? मी बाजूला नव्हतो, हे. मग बाजूला का नव्हतो, हेही आले. आणि उत्तर मास्तर मोठ्याने वाचणार, ओटीवर शेजारपाजार बसून ऐकणार. सगळ्या मोहल्ल्यात आपले वाचन होणार, या विचाराने भिकाजीपंतांच्या कानशिलांवर ऊन यायचे. आज लिहू, मोसम संपल्यावर लिहू, काटेखोलीतल्या कुणाला तरी गाठून खरे काय झाले ते विचारून मग लिहू. विचारायला ते कुणाकडेही गेले नाहीत.

आता तो विचारायचा माणूस आपल्या पायांनी पाखाडी चढून आला होता आणि मुंडासे पिळत पडवीच्या कठड्यावर बसला होता.

"तांडेल..." भिकाजीपंतांच्या तोंडून कसेबसे निघाले. "आपण होता ना तिथे?"

"व्हतो की. जानार कुठं? भायेरून कडी."

बाबल्या सांगू लागला. त्या खोलीत पाय पसरायची सोय नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन सगळे बसून असत, झोपतही बसूनच. जेलरने कडी घालताना अर्ज वाचून दाखवला होता. संसर्ग म्हणजे काय, ते कुणालाच कळले नाही. कमाल म्हणून दाभोळकडचा एक पोरसवदा खलाशी होता, तो म्हणाला, संसर्ग म्हणजे आपला वास. गुलाम रसूलने मात्र अर्ज कुणी लिहिला ते लगेच ओळखले.

"काय म्हणाले ते?"

"शिव्या घातल्यान. दोन दिस घातल्यान तुमाला. बोलला, त्या भटाला सरळ बोलाय येत नाय, म्हून लांब शब्द ल्हेतो." बाबल्याने हे काही डूख धरून सांगितले नाही, पावसात काय झाले ते सांगावे तसे सांगितले. "मंग ताप भरला, तवा शिव्यापन इसरला. आमी दार बडवलं. डाक्टर मोठ्या तुरुंगात, सकाळी येल बोलले. सकाळपातूर तो काय टिकत नाय, ह्ये दिसतच व्हतं. कमाल बोलला, तेंच्यात उजव्या कुशीवर निजवतात, तोंड मावळतीला. पन निजवनार कुठं? बसाय जागा नाय. तवा आमी उठलो."

"उठलात म्हणजे?"

"उभे ऱ्हायलो. समदे. भिताडाला पाट लावून. मंग खाली एका मानसापुरती जागा झाली. खिडकी नव्हती, पन मावळत कंच्या अंगाला ते आमाला इचारावं लागत नाय. दर्याचा आवाज हाय ना. त्याला आडवा केला. तो काय आपन होऊन वळंना. मंग मी म्हटलं, होडीतला मानूस हाय, हाकेनं वळंल. मीच हाक दिली, कूस! तरी नाय वळला. मंग कमालनं आनि मी धरून पलटला."

भिकाजीपंतांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "ती हाक आपली होती?"

"माजीच. का?"

त्या हाकेवर आपण कुठल्या कुशीवर वळलो होतो, ते भिकाजीपंत आठवून पाहत होते.

"उजेडापातूर उभे व्हतो," बाबल्या म्हणाला. "पाय असे सुजले! मंग शिपायानं कडी काढली." त्याने मुंडासे मांडीवर ठेवले. "त्येच्या बायकोला ह्ये कुनी सांगितलं आसंल काय? माज्या मनात लई येळा आलं. पन ती कुठं असते, काय ठाव नाय. नाट्याची येवढंच म्हाईत, आनि मला ल्हेता येत नाय. तुमाला ठाव हाय काय तिचा पत्ता?"

खोटे बोलायला ही जागा होती. भिकाजीपंतांना ती दिसली.

"आहे ठाऊक. तिचं कार्ड आलं होतं. हेच विचारलं होतं तिनं."

"मंग कळवलंत तुमी."

"राहून गेलं," भिकाजीपंत म्हणाले.

"पाच वर्सं?"

विहिरीवरून दुसऱ्या हमालाने हाक दिली. बाबल्याने मुंडासे डोक्याला गुंडाळले. तो रागावला असता तर भिकाजीपंतांना सोपे गेले असते. तो कठड्यावरून उठला आणि उतरता उतरता फक्त म्हणाला, "आमाला ल्हेता येत नाय वो. तुमाला येतं."

घरी आल्यावर भिकाजीपंत जेवले नाहीत. पत्नी कमळाबाईंनी पान वाढले, पान तसेच उचलले आणि मग दिवा त्यांच्यासमोर आणून ठेवला.

"नाट्याचं कार्डच ना?"

भिकाजीपंत चपापले. तिला यातले काही माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती.

"कार्डच ते, लिफाफा नव्हे," कमळाबाई म्हणाल्या. "मी वाचलं, पोस्टमनानं वाचलं. त्यानं मला दोनदा विचारलंन, पंतांनी उत्तर धाडलं का म्हणून. मी हो म्हटलं."

"तू खोटं बोललीस?"

"मग काय करू? तुमच्यासाठी एकदा तरी खोटं बोलावं लागणार, ते लग्नातच कळलं होतं मला."

मग त्यांनी बाबल्याचे सगळे तिला सांगितले. काटेखोली, उभी राहिलेली माणसे, हाक. अर्जही सांगितला, त्यातल्या शब्दासकट. कमळाबाईंनी वात पुढे सारली.

"तिनं जेवढं विचारलंय तेवढंच लिहा," त्या म्हणाल्या. "उजवी कूस होती, तोंड पश्चिमेला होतं. खोटं नाही त्यात काही. बाई एवढी वर्षं त्यावर डोळे लावून बसली असेल. बाकीचं तिला कशाला?"

हेच भिकाजीपंतांना वाटेपासून हवेसे वाटत आले होते. त्यांनी लगेच कागद ओढला आणि लिहिले. दोनच ओळी. सुंदर वळणदार अक्षरात. वाळू टाकून वाळवल्या आणि वाचल्या. वाचता वाचता त्यांना नाट्याची ओटी दिसली. मास्तर वाचतो आहे आणि ती बाई ऐकते आहे. आपला नवरा ज्याला भला म्हणाला होता तो माणूस शेवटपर्यंत बाजूला होता, त्यानेच त्याला कुशीवर वळवले, असे ती धरून चालली आहे. ओंजळ पसरून तिने दुवा मागितली आहे, आणि ती आपल्या नावाने.

"ती मला दुवा देईल," ते म्हणाले.

"देऊ दे की."

"अगं, पण मी तिथे नव्हतो."

कमळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. एवढ्या संसारात त्यांनी नवऱ्याला कुठल्याच गोष्टीत अडून बसलेले पाहिले नव्हते.

"मग तेही लिहा," त्या म्हणाल्या. "पण साधे शब्द घाला. तुमचं बोलणं मला लग्नानंतर दोन वर्षं कळत नव्हतं, मी हं हं करायची. तिला एखादा शब्द अडला तर चार माणसांत मास्तराला विचारावं लागेल. तसं नको."

भिकाजीपंतांनी ते दोन ओळींचे पत्र फाडले. मग जे लिहिले ते तीन पानी झाले: वखारीचे वर्णन, त्या काळची परिस्थिती, अर्जामागचा हेतू, वकिलांचे म्हणणे. वाचून पाहिले तर सगळ्या पानांवर भिकाजीपंतच पसरले होते, उताणे. तेही फाडले. सकाळी पुन्हा बसले. एक एक शब्द तोंडाने म्हणून पाहायचा, बाबल्याला कळेल की नाही ते ठरवायचे, मग कागदावर ठेवायचा. इतके सोपे त्यांनी उभ्या जन्मात लिहिले नव्हते, आणि इतके जड काही उचलले नव्हते.

'रहिमाबाई यांस,

तांडेलांना उजव्या कुशीवर निजवले होते. तोंड पश्चिमेला होते. खोलीत जागा नव्हती, म्हणून त्यांच्याबरोबरचे कैदी रात्रभर उभे राहिले आणि त्यांना आडवे होऊ दिले. कमाल आणि बाबल्या या दोघांनी त्यांना वळवले. दुवा द्यायची तर त्यांना द्या.

मी त्यांच्या बाजूला नव्हतो. मी बाहेर मोठ्या जागेत झोपलो होतो. आम्हांला चोरांपासून वेगळे ठेवा, असा अर्ज झाला, तो माझ्या हाताने लिहिला. त्यामुळे आम्हांला जागा झाली आणि त्यांची गेली. तांडेल चोर नव्हते, हे मला लिहिताना माहीत होते.

त्यांना ते कळले होते. ते मला भला म्हणाले ते त्याच्या आधी.

तुमचे कार्ड पाच वर्षांपूर्वी मिळाले. मी लाजेने उत्तर दिले नाही.'

तो शब्द त्यांनी लिहिला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. राहून गेले, असे पत्रात कुठेही नव्हते.

कमळाबाईंनी ओठ हलवत पत्र वाचले. घडी घालून परत दिले आणि त्यांची टोपी खुंटीवरून काढून आणून दिली.

पोस्टात त्या दिवशी गर्दी होती. मुंबईची डाक निघायची घाई, गणपतीपुळ्याला जाता जाता पत्र टाकायला आलेली कुणी माणसे, मनिऑर्डरी घ्यायला आलेल्या बायका. भिकाजीपंत नेहमीसारखे प्रत्येकाला पुढे जाऊ देत होते. खिडकीपाशी पोचले तेव्हा कारकून पिशवी बांधायला निघालाच होता.

"नाटे? आजच्या डाकेत जाईल, द्या." त्याने लिफाफा उलटसुलट केला. "पाठवणाराचं नाव नाही घातलंत, पंत. जरूर नाही म्हणा. पण परत उत्तर यायचं असेल तर..."

भिकाजीपंतांनी नाव घातले नव्हते. विसरले नव्हते, घातले नव्हते. मागे माणसे खोळंबली होती. कुणीतरी चुकचुकले. एरवी ते माफ करा म्हणून बाजूला झाले असते.

"जरा टाक द्या," ते म्हणाले.

खिडकीच्या फळीवर लिफाफा टेकवून, मागच्यांना थांबवून ठेवून, त्यांनी आपले पूर्ण नाव, वडिलांचे नाव, घर आणि पाखाडी असे सगळे सावकाश लिहिले. शाई ओली होती म्हणून त्यावर एकदा फुंकर घातली. मग लिफाफा आत सरकवला.

कारकुनाने शिक्का मारला, लिफाफा पिशवीत टाकला आणि पिशवीच्या तोंडाची दोरी ओढली.